डोंगरातल्या वस्त्या दरडीचा, भूकंपाचा धोका कसा ओळखतात?

आदिवासी आणि डोंगरी समाज आपत्तीची चाहूल कशी घेतात, तयारी काय करतात, असं तुम्ही विचारलंय. मी पाटण तालुक्यातला, कोयना खोऱ्यातला. आमच्याकडच्या गवळी धनगरांबद्दल सांगतो. सरकारी यादीत ते भटक्या जमातीत येतात, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन डोंगरमाथ्यावर राहिले ते हेच.

त्यांची निम्मी तयारी घराची जागा धरतानाच झालेली असते. ओढ्याच्या वाटेत, उभ्या कड्याखाली घर घालायचं नाही. जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या, शेणमातीनं लिंपलेल्या. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सुमारे पावणेदोनशे माणसं गेली. दगडमातीची जाड भिंत अंगावर आली तर माणूस वाचणं कठीण. कूड हलतो, वाकतो, आणि पडला तरी खालून निघता येतं. खोऱ्यात आजही मधूनच धक्के बसतात, म्हणून हे सांगतोय. मग वैशाखात छप्पर शाकारायचं, पावसाच्या अंगाला झड म्हणजे आडोसा बांधायचा, सरपण आणि धान्याची बेगमी करायची. वाट बंद पडली तरी चूल पेटली पाहिजे.

दरड ओळखायची ती पाण्यावरून. नितळ झरा एकाएकी गढूळ झाला, किंवा भलत्याच जागी पाणी फुटलं, की डोंगर आतून सुटतोय असं धरायचं. उताराला भेग पडली, झाडं कलली, दार चौकटीत अडकायला लागलं, तरी तेच. भूवैज्ञानिकही याच खुणा सांगतात.

पण एवढ्यावर सगळं भागतं, हे मला पटत नाही. 22 जुलै 2021ला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. तसल्या पावसात, रात्रीच्या काळोखात झरा बघायला कोण जाणार? तिथे हवामान खात्याचा इशारा वस्तीपर्यंत पोचलाच पाहिजे, आणि मोबाईलला रेंज नसेल तर माणूस पाठवून. पुनर्वसनाची जागा ठरवतानाही आधी या लोकांना विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही अभ्यासाला येणार असाल तर पावसाच्या आधी या आणि बायकांशी बोला. बैठकीत पुरुष बोलतात, पण पाणी रोज त्या भरतात. कुठला झरा कधी बदलला ते त्या सांगतील. ते गावच्या नकाशावर मांडा आणि एक प्रत वस्तीतच ठेवून जा.