चौथ्या दिवशी का उठलीस?

ताई,
मी सांगलीला एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये शिक्षण संपेल आणि पुढे काय, या विचाराने झोप उडाली आहे. क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांच्या उपचारांकडे जावं, समुपदेशन करावं की एचआर धरावं, काही कळत नाही. जिथे जावं तिथे अनुभव विचारतात आणि अनुभव द्यायला कुणी तयार नाही. आतापर्यंत सात ऑनलाइन इंटर्नशिप केल्या, त्यात साडेअकरा हजार गेले. प्रमाणपत्रांची फाइल भरली, पण मुलाखतीत ती कुणी उघडूनही बघत नाही. मध्ये चार दिवस एका व्यसनमुक्ती केंद्रातही जाऊन आले. माणसं चांगली होती, पण नातेवाइकांच्या बाकापाशी नुसतं बसवून ठेवायचे, रजिस्टर लिहायला आणि चहा द्यायला लावायचे, म्हणून सोडलं. बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. ते म्हणतात, हे सगळं सोड आणि बँकेच्या परीक्षा दे. रोज यावरून घरात वाद होतात. बाबांना कसं समजावू? आणि कोणता कोर्स केला तर नोकरी लागेल?
– वाट शोधणारी

वाट शोधणारी,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे थोडक्यात दिलं. त्या चार पानांत बाबांवर दीड पान, प्रमाणपत्रांवर एक पान आणि त्या केंद्रावर जेमतेम दोन वाक्यं आहेत. मी त्या दोन वाक्यांवरच बोलणार आहे. अनुभव म्हणावा असं तुझ्या पत्रात तेवढंच आहे, आणि ते तू चौथ्या दिवशी टाकून आलीस.

तिथे मारहाण होत असती, माणसांना कोंडून ठेवत असते, तर पहिल्याच दिवशी निघून आलीस म्हणून तुझी पाठ थोपटली असती. तशी केंद्रं आहेत, आणि तिथे विद्यार्थ्यांनी पाऊलही टाकू नये. पण माणसं चांगली होती, असं तूच लिहितेस. मग तक्रार काय, तर बसवून ठेवलं. अगं, तुला कुठे बसवलं होतं याचा जरा विचार कर. नातेवाइकांच्या बाकापाशी! मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नोकरी केली. आत डॉक्टरांच्या टेबलासमोर जे बोललं जायचं, त्याहून कितीतरी जास्त बाहेर त्या बाकावर बोललं जायचं. आत नवरा शेजारी असताना बाई म्हणायची, 'बरं आहे आता, झोप लागते.' बाहेर येऊन केसपेपरची घडी घालता घालता शेजारणीला सांगायची, 'मुलांना बहिणीकडे ठेवलंय.' दोन्ही वाक्यं त्याच बाईची, आणि दोन्ही एकत्र ऐकल्याशिवाय त्या घराचं काही कळत नाही.

ते रजिस्टर घे. नाव, वय, गाव, व्यसन कशाचं, किती वर्षांपासून, सोबत कोण. असेच काहीतरी रकाने असणार, आणि तुला वाटलं ही कारकुनी. 'सोबत कोण' हा रकाना महिनाभर नीट भरून बघ. कुणाला बायको घेऊन येते, कुणाला म्हातारी आई, कुणाला कारखान्यातला सुपरवायझर. आणि एखादा एकटाच येतो, हातात टॉवेल-साबणाची पिशवी घेऊन. त्याच्याकडे तर दोनदा बघायला हवं. 'किती वर्षांपासून' या रकान्यात तर हमखास खोटं लिहिलं जातं. बायको आधी सांगते, गेल्या दिवाळीपासून. अर्ध्या तासाने, चहा संपता संपता, तीच म्हणते, 'लग्नात पण प्यायलेलेच होते.' मधल्या अर्ध्या तासात काय झालं? तू काहीही केलं नव्हतंस. घाई न करता बसली होतीस, एवढंच. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ज्या विश्वासाच्या नात्याला तू रॅपो म्हणतेस आणि पाच मुद्द्यांत लिहितेस, तो तसाच तयार होतो.

आता चहा. मला सगळ्यात जास्त राग या चहाचा आला. रोजची दारू अचानक थांबली की काही तासांतच हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप जाते, हे तू वाचलं असशील. बाकावर बसलेला माणूस चहाचा पेला उचलत नाही. 'नको, आत्ताच झाला' म्हणतो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरतो. चारचौघांत चहा सांडेल याची त्याला लाज वाटते. कशावरून कळलं? कारण चहा देणारी तू होतीस. पुढच्या दोन-तीन दिवसांत तोच माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणायला लागला, दिवस-रात्र कळेनासं झालं, तर ते जिवावर बेतू शकतं आणि डॉक्टरांना त्या क्षणी बोलवावं लागतं. हे वेळेत लक्षात येतं ते आसपास सतत वावरणाऱ्या माणसाच्या. रुग्णाची मानसिक स्थिती तपासायचा, म्हणजे तुमच्या एमएसईचा, पहिला मथळा कोणता? दिसणं आणि वागणं. माणूस कसा चालत आला, कपडे कसे, नजर कुठे, हातांचं काय चाललंय. विचार, भावना, स्मृती ही सगळी प्रश्नावली त्यानंतर येते. तुला चार दिवस त्या पहिल्या मथळ्यावर बसवलं होतं आणि तू म्हणतेस, शिकायला काही नव्हतं.

आणि त्या सात इंटर्नशिप? त्यांत एकातरी माणसाच्या शेजारी बसलीस का? रात्री आठ ते नऊ झूमवर कुणीतरी स्लाइड्स वाचून दाखवतं, शेवटी गूगल फॉर्म भरायचा, की पीडीएफ हातात. पैसे विद्यार्थ्यानेच द्यायचे, आणि नाव मात्र इंटर्नशिप. ही सरळ लूट आहे, आणि ती करणाऱ्यांचा मला मनापासून संताप आहे. पण मुलाखतीत फाइल उघडत नाहीत याचं नवल तुला वाटू नये. समोर बसलेल्यांना ती पानं कशी मिळतात हे पक्कं ठाऊक असतं. ते एवढंच विचारतात, 'तुम्ही पाहिलेल्या एखाद्या केसबद्दल सांगा.' तिथे तू अडतेस. आठवं प्रमाणपत्र घेतलंस तरी अडशीलच.

म्हणून माझं सांगणं एकच. त्या केंद्रात परत जा. आठवड्यातून दोन दिवस, सलग सहा महिने. त्याच बाकापाशी, तेच रजिस्टर, तोच चहा.

क्लिनिकल, समुपदेशन की एचआर, हा प्रश्न तोपर्यंत बाजूला ठेव. तो घरी बसून सुटणारा नाही. तरी ढोबळ कल्पना असावी म्हणून सांगते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने हे ठरलेलं आहे आणि नुसत्या एम.ए.वर ती मिळत नाही. आजवरचा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. यूजीसीने एम.फिल. ही पदवीच बंद केली, क्लिनिकलसाठी मात्र २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली होती. परिषदेने त्या जागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत. जिथे प्रवेश घ्यायचा, त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे का हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघ, एजंटाच्या शब्दावर जाऊ नकोस. दूरशिक्षणाने काही उरकावं असं मनात असेल तर तो दरवाजाही मिटला आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. मला तो निर्णय योग्य वाटतो.

समुपदेशनाच्या जागा तुला वाटतात त्याहून जवळ आहेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत एचआयव्ही तपासणीसाठी आयसीटीसी केंद्रं असतात, तिथे समुपदेशक नेमतात आणि मानसशास्त्राचं एम.ए. चालतं. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात बसतं. टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तिथेही फोनवर बोलायला प्रशिक्षित समुपदेशकच लागतात. बहुतेक जागा कंत्राटी, पगार बेताचे, हे लपवत नाही. एचआरबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. माणसं आवडत असतील तर वाईट नाही, पण क्लिनिकलची भीती वाटते म्हणून तिकडे पळू नकोस. भीती खरी आहे का हेही त्या बाकावरच कळेल.

मला तर वाटतं, तू कंटाळून उठलीसच नाहीस. चौथ्या दिवशी काहीतरी झालं असणार. कुणी रडलं असेल आणि काय बोलावं हे सुचलं नसेल. एखाद्या बाईने हात धरून विचारलं असेल, 'ते सुधारतील ना, बाळा?' आणि दोन वर्षांच्या शिक्षणात त्याचं उत्तर सापडलं नसेल. तसं असेल तर माझा राग विसर. ते उत्तर कुणालाच सापडत नाही. पहिल्या महिन्यात काही बोलावं लागत नाही. 'मी इथे बसते थोडा वेळ' एवढं पुरतं. उलट त्या महिन्यात सल्ला देऊ नकोसच. थेरपीचा आव आणायचा नाही, कुणाला स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही. काही जड वाटलं तर घरी न नेता तिथल्या समुपदेशकाला त्याच दिवशी सांगायचं.

तो समुपदेशक कोण आहे, हे चार दिवसांत विचारलंस का? पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून काम चाललं आहे, तिथे एकेकाळी स्वतः उपचार घ्यायला आलेले कितीतरी जण पुढे समुपदेशक झाले. तुझ्या केंद्रातही असा एखादा असेल. त्याच्याकडे मानसशास्त्राची पदवी नसेल, पण खोटं बोलणारा रुग्ण त्याला दारातून येताना ओळखू येतो. त्याच्याजवळ बस. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरचं काम, मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक माणसांना तयार करून त्यांच्याकडून करून घेतलं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि रुग्णांना खरोखर फरक पडला होता. ती माणसं तयार कशी झाली? सत्रांचं रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून ऐकायचं, कुठे घाई झाली, कुठे ऐकलंच नाही, हे एकमेकांना तोंडावर सांगायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. तुझ्याकडे पदवी आहे. तुझ्याकडे नाही ते हे.

म्हणून केंद्रात एक मागणी कर. महिन्यातून दोनदा अर्धा तास कुणीतरी तुझं ऐकेल का? रोज घरी येऊन एक पान लिही: काय दिसलं, काय ऐकलं, तुला काय वाटलं. 'दिसलं' आणि 'वाटलं' वेगळ्या परिच्छेदांत. नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही नको. वही कुणाला दाखवायची नाही, व्हॉट्सअॅपवर एक ओळसुद्धा टाकायची नाही. अर्ध्या तासात त्या वहीवर बोल. सहा महिन्यांनी मुलाखतीत कुणी केसबद्दल विचारलं तर तुला फाइल उघडावी लागणार नाही.

राहिले बाबा. तुझं दीड पान वाचून मला त्यांची बाजूच जास्त पटली. दुकानात नवा मुलगा आला तर ते त्याला पहिल्या दिवशी कोटाचं कापड कापायला देतात का? काज-बटण, तुरपाई, दोरे काढणं, यात महिने जातात, आणि चौथ्या दिवशी उठून गेलेल्या मुलाबद्दल ते काय म्हणतात हे तू लहानपणापासून ऐकत आली असशील. त्यांना तुझं शास्त्र कळत नसेल, काम शिकणं म्हणजे काय हे पक्कं कळतं. त्यांनी आजवर बघितलंय ते एवढंच, की मुलगी रात्री लॅपटॉपपुढे बसते, पैसे जातात आणि कागद येतात. त्यांना बँक सुचली नसती तरच नवल. समजावायला जाऊ नकोस, वाद तर नकोच. आठवड्यातून दोन दिवस सकाळी डबा घेऊन बाहेर पड आणि संध्याकाळी दमून ये. महिन्याभरात ते आपणहून विचारतील, तिथे काय करतेस. तेव्हा माणसांची नावं न घेता रजिस्टरमधल्या त्या 'सोबत कोण'बद्दल सांग.

सोमवारीच जा. आजारी होते, परीक्षा होती, असलं काही सांगू नकोस. 'मी न सांगता सोडून गेले, चुकलं, मला परत यायचंय' एवढं ज्यांनी तुला बसवलं होतं त्यांनाच सांग, त्यांच्या हाताखालच्या माणसाला नको. कदाचित आठवडाभर झुलवतील, तर पुढच्या सोमवारी पुन्हा जा. सहा महिन्यांचं पत्र आधीच लिहून ने, त्यावर विभागप्रमुखांची सही असली तर उत्तम, म्हणजे ते प्रॅक्टिकममध्ये, अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामातही धरता येतं का ते बघता येईल. पैसे त्यांनीही देऊ नयेत आणि तूही देऊ नकोस, पण जाण्या-येण्याचा खर्च मागायला संकोच करू नकोस. नाही म्हणाले तरी एसटीत तुला अर्धंच तिकीट पडतं.

– ताई