साताऱ्याच्या थंडीत काचेच्या टाकीतल्या बॉल पायथनला (पाळला जाणारा आफ्रिकी अजगर) रात्रभर साधा बल्ब लावून ठेवला तर चालेल का?

नाही, बल्ब नको; टाकीच्या एका बाजूला तळाखाली, बाहेरून, हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावा आणि ती थर्मोस्टॅटवरच, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद-चालू करणाऱ्या उपकरणावरच, चालवा. सापाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, तो गरम-थंड जागा बदलून शरीराचं तापमान सांभाळतो. म्हणून मॅट साधारण एक तृतीयांश तळाखालीच हवी: उबदार बाजू ३१-३२ अंश, दुसरी २५-२६, आणि दोन्हीकडे लपायला जागा. रात्रभर बल्ब जळला तर त्याला अंधार मिळत नाही, हवाही कोरडी पडते आणि कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या बरोबर वर, काचेला चिकटवा. काचेवर वर डकवलेला गोल तापमापक हवेचं तापमान दाखवतो, साप मात्र तळाला टेकून असतो. खाली काच तापून पोट भाजलं तरी तो बऱ्याचदा हलत नाही. थर्मोस्टॅटशिवाय मॅट एक रात्रही लावू नका, हे कळकळीने सांगतो. जाळीच्या झाकणातून ऊब निसटते, तेव्हा पहाटे आतली हवा २४ च्या खाली जात असेल तर झाकणाचा निम्माअधिक भाग झाका. वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवा आणि टाकीवर गोधडी टाका. अंग गार असताना उंदीर देऊ नका, पचत नाही, ओकून टाकतो.

एक मात्र आहे: हे आकडे बॉल पायथनचे, त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. शेतात सापडलेला आपला अजगर किंवा धामण पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यासाठी वनविभागाला कळवा.