मायना नसलेलं पत्र

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मायना नाही. वर तारीख आहे, खाली सही आहे, मधे चार पानं आहेत. जिथं मला काहीतरी संबोधायचं होतं ती ओळ मात्र कोरी आहे. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या कोऱ्या ओळीनंच मला उत्तर लिहायला बसवलं. का, ते पुढं येईल.

ज्यांच्याकडे तू सहा वर्षं कराटे शिकलास, रोज 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी म्हणालास, त्यांची डॅन, म्हणजे काळ्या पट्ट्याची श्रेणी, तुझ्या नव्या डोजोच्या, म्हणजे सरावाच्या शाळेच्या, महासंघाला मान्य नाही. त्यामुळे तुझा काळा पट्टाही धरला गेला नाही आणि तू पुन्हा नवशिक्याच्या पांढऱ्यावर आलास. "आधी कुणाकडे होतास?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तू "एक ट्रेनर होते" म्हणालास. आता स्पर्धेला ते आपली मुलं घेऊन येणार आहेत. नव्या लोकांसमोर त्यांना हाक कशी मारायची, सेन्सेई म्हटलं तर नव्या शिक्षकांचा अपमान होईल का, नुसतं 'सर' म्हटलं तर भागेल का, हे तुला कळेनासं झालंय. सोबत एक तक्ताही पाठवलास : कितव्या डॅनला कोणती पदवी.

आधी तक्ता बघू, म्हणजे तो एकदाचा बाजूला ठेवता येईल. तू मेहनत घेतलीस, पण वेगवेगळ्या घरांचे नियम एकाच कागदावर लिहिलेस. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, सहाव्या डॅनच्या माणसाला रेन्शी, सातव्या डॅनच्या माणसाला क्योशी आणि आठव्याला हान्शी होता येतं. ती पदवी आपोआप मिळत नाही. शिवाय आठव्या डॅनच्या परीक्षेला वयाची ४६ वर्षं पूर्ण लागतात आणि शंभरातून जेमतेम एखादा उत्तीर्ण होतो. क्योकुशिन कराटेत पहिल्या-दुसऱ्या डॅनला सेंपाई, तिसऱ्या-चौथ्याला सेन्सेई, पाचव्यापासून शिहान म्हणायची रीत आहे. इतर अनेक शाळांत जो शिकवतो तो सेन्सेई, डॅन कोणतीही असो. कोरियन तायक्वांदोतलं 'साबॉम' आणि जपानी 'शिहान' ही दोन्ही पदं एकाच दोन चिनी अक्षरांनी लिहितात, पण त्यांचं वजन सारखं नाही. चिनी शाळांत सगळी नाती घरातली असतात. 'शीफू' म्हणजे गुरू; तो शब्द लिहिण्याच्या एका पद्धतीत पित्याचं अक्षर आहे, आणि ज्येष्ठपण वयावर ठरत नाही, आधी कोण आलं त्यावर ठरतं. चाळिशीचा नवा विद्यार्थी विशीतल्या मुलाला थोरला गुरुबंधू म्हणतो. थाई बॉक्सिंगमधला 'क्रू' म्हणजे आपला गुरूच, आणि 'आजान' म्हणजे आचार्य. ब्राझीलच्या जुजुत्सूमधल्या 'प्रोफेसर'चा पोर्तुगीजमध्ये अर्थ फक्त शिक्षक.

म्हणून तक्ता पाठ करू नकोस. नव्या जागी गेलास की तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला हळूच विचार, "इथं शिक्षकांना काय म्हणतात?" शिक्षकांना स्वतःला मात्र विचारू नकोस. ते विचारणं म्हणजे त्यांना स्वतःच्या तोंडानं स्वतःची पदवी सांगायला लावणं.

मला जे सांगायचंय ते इथंच सुरू होतं. पदवी ज्याला लावली जाते त्याची नसते. ती हाक मारणाऱ्याची असते.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. त्या भाषांची घडणच तशी आहे. जपानीत सेन्सेई हा शब्द आडनावानंतर येतो, आणि कुणीही तो स्वतःला लावत नाही. कोरियन शिक्षकाला विद्यार्थी 'साबॉम-नीम' म्हणतात. तो स्वतःबद्दल बोलताना 'नीम' गाळतो, कारण ते आदराचं शेपूट फक्त दुसऱ्याला लावायचं असतं. पंचविशीत मी माझ्या कार्डावर नावाआधी 'सेन्सेई' छापून घेतलं होतं. एका शिबिरात जपानहून आलेल्या वृद्ध शिक्षकांना मी ते दोन्ही हातांनी दिलं. त्यांनी दोन्ही हातांनीच घेतलं, नीट वाचलं, वाकले आणि स्वतःची ओळख करून देताना फक्त आडनाव सांगितलं. त्यांची डॅन माझ्यापेक्षा पाचनं जास्त होती. त्या रात्री मी उरलेली सगळी कार्डं फाडली.

आता तुझ्या जुन्या शिक्षकांकडे येते. 'मान्यता नाही' हे शब्द तू पत्रात सात वेळा लिहिलेस. मी मोजले. त्यांची डॅन खोटी नाही, दुसऱ्या लहान संघटनेची आहे. तुझ्या नव्या महासंघानं ती धरायची की नाही हा त्या महासंघाचा प्रश्न आहे. तुझ्या हाकेशी त्याचा काय संबंध?

युद्धकलेतली डॅन आली कुठून, ते तरी बघ. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही आपली शाळा काढली आणि १८८३ मध्ये तोमिता आणि साइगो या दोन विद्यार्थ्यांना पहिली डॅन दिली. गो नावाच्या पटावरच्या खेळात ही पद्धत आधीपासून होती. युद्धकलेत ती इथून आली. म्हणजे खुद्द कानोंचे गुरू, फुकुदा, इसो आणि इइकुबो, यांपैकी एकाकडेही डॅन नव्हती! इइकुबो कोडोकान सुरू झाल्यावरही तिथं शिकवायला येत. पुढं शिष्य त्यांना पाडू लागला. म्हणून कानोंनी त्यांना गुरू म्हणणं सोडलं का? उलट इइकुबोंच्या किटो नावाच्या जुन्या जुजुत्सू शाळेचे प्रकार त्यांनी ज्युदोत 'कोशिकी नो काता' म्हणून जपले. ते आजही केले जातात. कराटेतही, आधुनिक कराटेचे जनक मानल्या जाणाऱ्या फुनाकोशींनी पहिल्यांदा डॅन दिल्या त्या १९२४ मध्ये. त्यांचे गुरू आसातो आणि इतोसु तोवर गेले होते. त्यांच्या कमरेला कधी काळा पट्टा बांधला गेला नाही. तुझ्या तक्त्यात त्यांना कुठं बसवशील?

सेन्सेई या शब्दाची दोन अक्षरं आहेत : आधी, आणि जन्मलेला. आपल्याआधी जो या वाटेवर आला तो. तुझे ते शिक्षक तुझ्याआधी आले. ही गोष्ट कोणत्याही महासंघाला रद्द करता येत नाही.

हे मी इतकं ठासून का सांगते, ते लिहिणं मला जड जातंय. पण तू खरं लिहिलंस, तेव्हा मीही लिहिते.

मी एकोणतीस वर्षांची असताना मोठ्या महासंघात गेले होते. अंगात त्यांचा कोट होता आणि एका स्पर्धेत नोंदणीच्या टेबलावर माझी नेमणूक होती. माझे पहिले शिक्षक आठ मुलं घेऊन आले. त्यांच्याकडे मी अकरा वर्षं शिकले होते. पडावं कसं हे त्यांनी शिकवलं, मूठ वळताना अंगठा कुठं ठेवायचा हे त्यांनी शिकवलं. माझ्या दोन्ही बाजूंना महासंघाचे अधिकारी बसले होते. मी वर पाहिलं आणि त्यांना 'मिस्टर' आणि आडनाव अशी हाक मारली. मी म्हणाले, तुमच्या मुलांचे कागद अपुरे आहेत.

ते क्षणभर थांबले. मग टाचा जुळवून पूर्ण वाकले, आम्हाला त्यांनी शिकवलं होतं तसेच, आणि म्हणाले, "हो, मॅडम."

त्यानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. अकरा वर्षं ज्या नावानं ते ओरडले, ज्या नावानं त्यांनी शाबासकी दिली, ते नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. भेटलो की "नमस्कार, मॅडम" म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता. मी दोघांसाठी जे अंतर ठरवलं होतं, ते त्यांनी पाळलं.

त्या दिवशी कागद खरंच अपुरे होते. टेबलावर बसणाऱ्यानं सगळ्यांना एकाच पद्धतीनं संबोधावं असा दंडक होता, आणि तो चुकीचा नव्हता. कुणा एकाला सेन्सेई आणि दुसऱ्याला मिस्टर म्हटलं तर पक्षपाताचा आरोप झाला असता. हे सगळं मी स्वतःला अनेक वर्षं समजावलंय आणि यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. पण टेबलावरून उठून दोन पावलं पुढं जायला दंडकानं मनाई केली नव्हती. बाजूला जाऊन 'सेन्सेई' म्हणून मग कागदांबद्दल बोलता आलं असतं. मी उठले नाही.

पुढं मी त्यांना पत्र लिहायला घेतलं. दोनदा. दोन्ही वेळा मायन्यावर अडले. सेन्सेई लिहायचा हक्क मी गमावलाय असं वाटलं आणि दुसरं काही लिहवेना. ती दोन्ही पत्रं अजून माझ्याकडे आहेत, वरची ओळ कोरी असलेली. ते आता नाहीत.

माझी चूक कुठं झाली हे कळायला मला फार वर्षं लागली. मला वाटायचं मी त्यांचं काहीतरी काढून घेतलं. पण ती पदवी माझी होती. अकरा वर्षं घाम गाळून मी ती मिळवली होती. 'हे माझे सेन्सेई' असं म्हणण्याचा हक्क शिष्य कमावतो. मी माझ्या हातानं माझं ते टाकून दिलं. "एक ट्रेनर होते" म्हणताना तूही तेच केलंस. राग मानू नकोस. राग आला तरी वाच.

आता दुसरी बाजू, कारण तू तेही विचारलंयस. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मला मॅडम म्हणतात आणि शेजारच्या वर्गातल्या पुरुष शिक्षकाला सेन्सेई म्हणतात, हे तू पाहिलंस. ते बरोबर नाही. सेन्सेई या शब्दात स्त्री-पुरुष असा भेद नाही. माझ्या सहकारी बायका मला सांगतात की तुम्ही मागून घ्या, नाहीतर पुढच्या मुलींनाही मिळणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या आपल्या वर्गात तसं सांगतात आणि मी त्यांना एका शब्दानं अडवलेलं नाही. पण माझ्या तोंडून ते निघत नाही. मागितलेली हाक मला ऐकवणार नाही. तू याला हट्ट म्हण. ज्या दिवशी मी 'मॅडम' झाले, त्या दिवसानंतर दुसऱ्या कुणाकडून 'सेन्सेई' मागायला माझी जीभ रेटत नाही.

एक गोष्ट पटकन सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र पाठवणं मला योग्य वाटत नाही. संबोधन म्हणजे आज्ञापालन नाही. शिकवणारा इजा करत असेल, नको तिथं हात लावत असेल, पैशांत लबाडी करत असेल, तर उठ, बाहेर पड, सांग. अशा माणसाला दिलेली हाक परत घेण्याचा पूर्ण हक्क तुला आहे, कारण ती तुझीच होती. पण तुझ्या शिक्षकांनी यातलं काहीही केलेलं नाही. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांची संघटना लहान आहे.

पांढऱ्या पट्ट्याचं दुःख कुरवाळत बसू नकोस. दुसऱ्या डोजोत पांढरा बांधून जावं आणि ते सांगतील तेव्हा बदलावा, ही चांगली रीत आहे. तू ती आपणहून पाळायला हवी होतीस. तुला पांढरा पट्टा मिळाला म्हणून तुझे जुने शिक्षक खाली आले नाहीत, आणि नवे वर गेले नाहीत. नव्या शिक्षकांचा अपमान होईल ही भीतीही सोड. जपानमध्ये शाळेतले शिक्षक एकमेकांना आडनाव आणि सेन्सेई असंच म्हणतात. एका खोलीत वीस सेन्सेई असतात आणि कुणाचं काही कमी होत नाही. डॉक्टरला, वकिलाला, लेखकालाही तिथं सेन्सेई म्हणतात.

तेव्हा त्या दिवशी असं कर. ते आत आले की वाट बघत बसू नकोस, ते तुला शोधतील असं मानू नकोस. त्यांच्यासमोर जा. घाईत मान डोलावू नकोस. टाचा जुळव, हात मांडीवरून सरकवत कमरेतून वाक, पाठ सरळ ठेव, क्षणभर थांब आणि मग वर ये. आडनाव लावायची गरज नाही, नुसतं 'सेन्सेई' म्हण. तुझे नवे सहकारी ऐकतील एवढ्या आवाजात म्हण. मग त्यांना नव्या शिक्षकांकडे घेऊन जा आणि सांग, "हे माझे पहिले सेन्सेई." तिथं दोघांना आडनावासकट म्हण, म्हणजे कुणाशी बोलतोयस ते कळेल. कोण आधी वाकतो, कोण किती वाकतो ते ते दोघं बघतील. त्यात तू पडू नकोस.

मुलांच्या कागदांत काही कमी असेल, तर तो टेबलावरच्या माणसाचा विषय आहे. तू त्यांच्या बाजूला उभा राहा.

पुढच्या पत्रात मायना लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. ते तुझं तू ठरव, आणि त्यांना भेटून झाल्यावर लिही.

तुझी शुभचिंतक