उबुंटूच्या इन्स्टॉलरला नव्या लॅपटॉपची एसएसडी दिसत नाही, विंडोज मात्र नीट सुरू होतंय, डिस्क खराब आहे का?

विंडोज नीट सुरू होतंय म्हणता, म्हणजे डिस्क चांगली आहे. परत करायला दुकानात धावू नका.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी, म्हणजे एसएसडी हाताळणारं इंटेलचं तंत्र, चालू असतं. एसएसडी त्याच्या मागे झाकली जाते आणि इंटेलच्या आरएसटी या स्टोरेज ड्रायव्हरमार्फत विंडोजला दिसते. उबुंटूचा इन्स्टॉलर तिथेच अडतो. उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं. काही ठिकाणी डिस्कच्या मोडमध्ये 'रेड'च्या जागी 'एएचसीआय' निवडावं लागतं. एसरच्या अनेक लॅपटॉपांवर हा पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की दिसतो.

पण थांबा, विंडोज ठेवायचं असेल तर थेट हा बदल करू नका, निळा स्क्रीन येईल. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर मी हीच घाई केली आणि अख्खी संध्याकाळ गेली. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. मग एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग टूलमध्ये सेफ बूट निवडून रीस्टार्ट करा, त्याच फेरीत बायोसमधला बदल करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की योग्य ड्रायव्हर आपोआप लागतो. नंतर सेफ बूटची खूण काढा. सेफ मोडला बहुधा पिन चालत नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवतोय ना ते आधीच बघा.

आणि हे सगळं करण्याआधी बॅकअप घ्याच.

एसएसडी दिसली, पण इन्स्टॉलर उघडताना स्क्रीन काळा पडला, तर एनव्हिडियाचं कार्ड आहे का बघा. असेल तर ग्रबच्या, म्हणजे उबुंटू सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या, यादीत 'सेफ ग्राफिक्स' निवडा.