जुन्या गाडीचा करंट मध्येच जातो आणि आपोआप येतो, बॅटरी नवी टाकूनही. दोष कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2003 ची आहे, चालता चालता मीटरचे दिवे, वायपर सगळं क्षणभर जातं. कधी सेल्फच लागत नाही आणि पाच-दहा मिनिटांनी काही न करता लागतो. नवी बॅटरी टाकून झाली, आता मेकॅनिक अल्टरनेटर बदला म्हणतोय.

जरा थांबा. अल्टरनेटर चार्जिंग करेनासा झाला तर बॅटरी उतरत जाते, दिवे मंद होतात, मग गाडी बंद पडते. पाच मिनिटं उभी राहिल्याने ती काही परत भरत नाही. जाऊन परत येणारा करंट म्हणजे कुठेतरी जोड सैल झालाय किंवा गंजलाय. जुन्या गाडीत मी पहिल्यांदा अर्थ बघतो, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी आणि इंजिनाशी असलेली जोडणी.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. माझी 1999 ची पेट्रोल गाडी कोकणातली, म्हणजे चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ खारी हवा. एका रात्री कुंभार्ली घाटात सगळं गुडुप. बॉनेट उघडलं, काही कळेना, वैतागून ते आपटलं तर दिवे आले! पुढचे दोन महिने मी बॅटरी, अल्टरनेटरचे ब्रश, सेल्फ असे एकेक हप्ते भरत होतो. खरी खूण पायाखाली होती. क्लच जड झाला होता आणि दोन-तीनदा सेल्फ मारला की क्लचची केबल हाताला चटका देण्याइतकी तापायची. इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेल्या तारांची अर्थपट्टी लागते. ती कुजली की सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअर करंट मिळेल त्या वाटेने फिरतो, कधी क्लचच्या केबलमधून, कधी ॲक्सिलरेटरच्या. माझ्या केबलचं आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं. पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट काढल्यावर खालून हिरवी पूड पडली आणि मोजून चार-पाच तारा हातात आल्या.

मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायला, लावून ती पट्टी आम्ही दोनदा तपासली होती, दोन्ही वेळा ‘ओके’. इथेच बहुतेक जण फसतात. ओहम मोजताना मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, तेवढ्याला चार तारा पुरतात. 0.01 ओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसतही नाही, पण त्यातून 150 अँपिअर गेले की दीड व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. म्हणून मोजायचं ते लोड असताना, म्हणजे जड करंट वाहत असताना, आणि व्होल्टमध्ये.

मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, तिला आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. घरातल्या कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. आता टोक सरकवत या: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. जिथे आकडा उडी मारतो तो जोड खोला. हीच मोजणी पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही करा.

जोड साफ करताना आधी निगेटिव्ह सोडायची आणि लावताना ती शेवटी. उलटं केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी होते. पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने जाते. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. हाताने पिळून क्लॅम्प फिरता कामा नये.

अर्थ चांगला निघाला तर पुढच्या वेळी सगळं जाईल तेव्हा गाडी बाजूला घेऊन लगेच हॉर्न आणि चारही इंडिकेटर लावून बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत ते आणि छतातला दिवा इग्निशन स्विचमधून जात नाहीत. ते चालू आणि बाकी बंद, तर संशय स्विचवर. चावीला किल्ल्यांचा मोठा जुडगा लटकत असेल तर जास्तच. चावी हलकेच हलवून दिवे लुकलुकतात का ते बघा. तेही मेले असतील तर बॅटरीचे टर्मिनल किंवा मेन फ्यूजचा जोड.

आणि अल्टरनेटरच बघायचा असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा: साधारण 13.8 ते 14.5 मिळाले तर तो काम करतोय. चालू इंजिनावर टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ म्हणणारे उस्ताद अजून भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. त्या झटक्यात चांगल्या अल्टरनेटरचे डायोड उडतात, आणि मग तो खरंच बदलावा लागतो.