आधी पगाराची स्लिप, मग कायदा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या श्रम अभ्यास विभागातला युनियन सभासदांसाठीचा सहा महिन्यांचा वर्ग तुझ्याकडे आला, हे कळलं. तू पाठवलेला अभ्यासक्रमाचा मसुदाही वाचून झाला. मसुदा चांगला आहे, पण तो एम.ए.च्या मुलांसाठी आहे. पहिल्या दिवशी चळवळीचा इतिहास, दुसऱ्या दिवशी औद्योगिक संबंधांच्या संकल्पना, आणि पगार येतो थेट नवव्या तासाला. तोवर निम्मा वर्ग गळालेला असेल. कारखान्यात पाळी करून आलेला माणूस कंटाळला तर तक्रार करत नाही, पुढच्या वेळी येत नाही, एवढंच.

पगार पहिल्याच दिवशी घे.

निरोपातच सांग की प्रत्येकाने आपल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणायच्या. झेरॉक्स आणायची आणि त्यावरचं नाव, टोकन नंबर, पीएफचा यूएएन म्हणजे खातेनंबर स्केचपेनने खोडायचा. तीनांपैकी एक स्लिप फेब्रुवारीची आणि एक जून किंवा डिसेंबरची असली तर उत्तम. व्यवसाय कर अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापला जातो, कामगार कल्याण निधी जून-डिसेंबरमध्ये कापला जातो. या दोन आकड्यांवरून कॅन्टीनमध्ये वर्षानुवर्षं 'पैसे खाल्ले' अशी कुजबुज असते. ती पहिल्या दहा मिनिटांत मिटली की वर्गाला कळतं, इथे हिशेब होतो, भाषण नाही.

ठेकेदाराकडच्या मुलांकडे स्लिपच नसेल. त्यांना मोबाइलवर आलेला बँकेचा मेसेज आणायला सांग. स्लिप न देणं हेच मुळात नियमाबाहेरचं आहे, तेव्हा त्यांचा धडा तिथूनच सुरू होतो.

चार-चार जणांचे गट कर, गटात निदान एक जण दुसऱ्या कारखान्यातला ठेव. मग ओटीचा, म्हणजे जादा तासांच्या पगाराचा, हिशेब काढायला लाव. फळ्यावर एक नमुना मांड: मूळ पगार 9,360, महागाई भत्ता 6,240, बेरीज 15,600. भागिले महिन्याचे कामाचे 26 दिवस, म्हणजे दिवसाचे 600. भागिले 8, तासाचे 75. ओटी दुप्पट दराने, म्हणजे तासाला 150. आता स्लिपवर ओटी कशावर धरलाय ते बघायला सांग. नुसत्या मूळ पगारावर धरला असेल तर तासाला 90 पडतात, म्हणजे तासामागे 60 रुपये कमी. महिन्याला दहा तास ओटी करणाऱ्याचे वर्षाला 7,200 जातात. असे 140 कामगार असतील तर 10 लाख 8 हजार. हा शेवटचा आकडा तू लिहू नकोस. खडू त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हातात दे आणि गप्प उभं राहा.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्ग पेटला की प्रत्येक आकड्यात चोरी दिसायला लागते. पीएफ 12 टक्क्यांनी 1,872 व्हायला हवा आणि स्लिपवर 1,800 आहे, म्हणून कुणी तरी ओरडेल. तो बहुधा 15,000 च्या मर्यादेवर कापलेला असतो आणि कायद्याला ते चालतं. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात, म्हणून पासबुकात मालकाचा हिस्सा कमी दिसतो, हेही तिथेच सांग. ज्या प्रतिनिधीने खोटी चोरी पकडली, त्याची खरी तक्रारही साहेब पुढे हसून बाजूला ठेवतात.

वेळापत्रकाचं आता. तू रविवार धरलायस. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, हे तू वर्गात सांगणारच. पण भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते आणि रविवारी मशीन चालू असतं. तेव्हा आधी कुठल्या एमआयडीसीतून किती जण येणार ते मोजून घे, मग वार ठरव. पाळी दर आठवड्याला फिरते, म्हणून एकच धडा त्याच दिवशी दोनदा घ्यावा लागतो, सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी पाचला. ज्याला जी वेळ जमेल त्या वेळी त्याने यावं, हजेरी एकच. सकाळी सात वाजता तिसऱ्या पाळीतून सुटलेला माणूस साडेनऊच्या तासाला पेंगतो. त्याला व्याख्यान देऊ नकोस, हातात कागद दे. दुपारी घरी झोपून त्याने संध्याकाळच्या तासाला यावं, हे त्याहून बरं.

बायकांची संख्या कमी पडते त्याचं कारण बहुतेक वेळा संध्याकाळचा तास आणि शेवटची बस हेच असतं. त्यांना सकाळची तुकडी दे आणि लहान मुलांना बसायला बाजूची एक खोली माग. विभागाला हे विचित्र वाटेल, तरी माग.

युनियनला पत्र लिहिताना 'पाच सभासद पाठवावेत' एवढंच लिहिलंस तर पाच पदाधिकारी येतील. त्यातले तीन केंद्र सरकारच्या कामगार शिक्षण मंडळाचे वर्ग आधीच करून आलेले असतील आणि तुझ्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावतील. पत्रातच फोड कर: कमिटीतला एक, खात्यांचे प्रतिनिधी दोन, एक महिला, आणि तिशीच्या आतला किंवा ठेक्यावरचा एक. वर्ग तिसाच्या पुढे नेऊ नकोस. एकाच कारखान्यातल्या दोन युनियन आल्या तर येऊ दे, पण दोन नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लाव: वर्गात सभासद नोंदणी नाही, आणि ज्या कराराची बोलणी आत्ता चालू आहेत त्यावर चर्चा नाही. वर्गात एचआरचा माणूस बसवायचा नाही, निरीक्षक म्हणूनसुद्धा नाही. हजेरीपट कारखान्याकडे जाता कामा नये. रजेसाठी पत्र हवं असेल तर ते एकेकाला द्यायचं, यादी पाठवायची नाही.

पैशाचा प्रश्न येईलच. एखादी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, सगळा खर्च उचलायला तयार होईल आणि विभागप्रमुख खूश होतील. ऑक्सफर्डचं रस्किन कॉलेज 1899 साली कामगारांसाठी सुरू झालं आणि दहाच वर्षांत, 1909 मध्ये, तिथल्या विद्यार्थ्यांनी संप केला. शिकवायचं काय आणि ते ठरवायचं कुणी, यावरूनच. त्यातले काही बाहेर पडले आणि त्यांनी वेगळं सेंट्रल लेबर कॉलेज काढलं. तेव्हा फी थोडी ठेव, अर्धी युनियनने भरावी, अर्धी सभासदाने, आणि खोली, वीज, तुझा पगार विद्यापीठाचा. ज्याचा खाडा पडतो त्याचा बुडालेला रोज युनियनने द्यावा, हे पत्रात लिहून घे. तोंडी ठरलं तर तिसऱ्या महिन्यात वाद होतो.

कायद्याचं शिकवताना सध्या सगळ्यांचाच गोंधळ उडतोय. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत गेले. जुन्या नोट्स घेऊन उभं राहणारे पाहुणे वक्ते तुला भरपूर मिळतील. त्यांना बोलवायचं तर आधी त्यांच्या नोट्स माग. वर्गात कलमांचे आकडे पाठ करून घेऊ नकोस. ज्या चार-पाच गोष्टी चुकल्या तर नोकरी जाते, तेवढ्या पक्क्या कर. संपाची नोटीस दिल्यावर पहिल्या 14 दिवसांत संप करता येत नाही, 60 दिवस उलटले की नोटीस शिळी होते, आणि सरकारी अधिकाऱ्यापुढे समेटाची कारवाई चालू असताना तर नाहीच. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण 'सामुदायिक रजा' हे आपल्याकडचं जुनं, सोपं हत्यार आहे आणि पोरं ते विचार न करता उचलतात. 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, जास्तीत जास्त दहा जणांची, निम्मी माणसं कामगारांची. तक्रार वर्षाच्या आत करायची, समितीने 30 दिवसांत निर्णय द्यायचा.

एकट्यानेच बोलणी करणाऱ्या युनियनला 51 टक्के सभासद लागतात, हा नियम आला की तिथे इतिहास घे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघ या युनियनला होती आणि कामगार गेले होते दत्ता सामंतांच्या मागे. मान्यता एकीकडे आणि माणसं दुसरीकडे असली की काय होतं, हे परळ-लालबागच्या घरांत अजून माहीत आहे. टक्केवारीचा नियम मग रुक्ष राहत नाही.

तक्रार लिहिणं हा तासभराचा विषय नाही, त्याला तीन बैठका दे. सगळे पहिला मसुदा एकाच साच्यात लिहितात: 'सुपरवायझर आम्हाला गुरासारखे वागवतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' यावर कुठलीच समिती काही करू शकत नाही. तोच कागद पुन्हा लिहून घे: 'दि. 14 रोजी दुसऱ्या पाळीत, प्रेस नं. 6 चा संरक्षक गार्ड तुटलेला असताना मला तो प्रेस चालवायला सांगण्यात आले. मी 4.20 वाजता तोंडी सांगितले. तेव्हा शेजारच्या प्रेसवरील दोघे हजर होते. गार्ड बसवेपर्यंत दुसरे मशीन द्यावे.' काय झालं, कधी, कुठे, कुणी पाहिलं, काय हवंय. एक पान, त्यापुढे नाही. 'योग्य ती कारवाई' हे शब्द वर्गात बंदच कर, कारण काय योग्य ते साहेबाने ठरवायचं असा त्याचा अर्थ होतो. दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवायचं, पावती जपायची आणि त्याच दिवशी ईमेलही टाकायचा. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेव म्हणावं. पावतीवरची शाई सहा महिन्यांत उडते.

चार्जशीटचा, म्हणजे कंपनीने कामगारावर ठेवलेल्या आरोपांच्या कागदाचा, तास पेन्सिल घेऊन करायचा. तारीख, वेळ, जागा, स्थायी आदेशातलं (कारखान्याच्या नियमावलीतलं) कलम, तक्रारदार कोण, यांतलं जे जे सापडेल त्याखाली रेघ मारायची. जे सापडत नाही तेच उत्तरात मागायचं. चुका तीनच होतात, पण महागात पडतात. पहिली, चार्जशीट घ्यायलाच नकार देणं. दुसरी, 'पुन्हा असं होणार नाही' असं केबिनमध्ये बसून लिहून देणं. तो कबुलीजबाब होतो. तिसरी, रागाने चौकशीला न जाणं, मग ती एकतर्फी होते. निलंबनात पहिले 90 दिवस निम्मा आणि चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर पुढे 75 टक्के निर्वाह भत्ता मिळतो. हे माहीत नसल्यामुळे माणसं घाबरून राजीनामा देतात. उलटतपासणीचा सराव करताना एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायला लाव. आपले लोक प्रश्न म्हणून उभे राहतात आणि भाषण करून बसतात.

मागणीपत्राचा तास शेवटच्या महिन्यात ठेव, पण एक हिशेब चुकवू नकोस. तीन वर्षांच्या करारात 'नऊ हजारांची वाढ' असा पेढा वाटला जातो. ती टप्प्याने असते: समज, पहिल्या वर्षी 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 25, तिसऱ्या वर्षी 15. म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला 5,400, दुसऱ्या वर्षी 7,650, नऊ हजार फक्त शेवटच्या वर्षी. 36 महिन्यांची सरासरी 7,350 येते. त्यातही आकडा सीटीसीतला, म्हणजे मालकाच्या एकूण खर्चातला, असेल तर मालकाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं त्याच्यातच. हातात किती पडले ते वेगळं काढायला लाव. मग बोलण्यांची नक्कल कर, आणि युनियनच्या नेत्यालाच व्यवस्थापनाच्या बाजूला बसव. तिकडे बसल्यावर त्याला आपल्याच मागणीपत्रातली भोकं दिसतात.

भाषा साधी ठेव. 'दोषारोपपत्र' म्हणू नकोस, चार्जशीटच म्हण. वर्गात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं असतील, त्यांच्यासाठी हिंदीत सांगायला लाजू नकोस.

परीक्षा विभाग तीन तासांची लेखी परीक्षा मागेल आणि बारावीची गुणपत्रिकाही मागेल. दोन्हींवर आत्ताच, प्रवेश सुरू होण्याआधी, लेखी सूट घे. परीक्षेऐवजी चार कागदांची फाइल असू दे: स्वतःच्या स्लिपचा हिशेब, एक तक्रार, चौकशीतल्या साक्षीदारासाठी दहा प्रश्न, खर्चासकट एका पानाचं मागणीपत्र. वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलाव आणि एवढंच विचार की यातला कुठला कागद वापरला आणि तो कुठे अडला. पुढच्या तुकडीचा अभ्यासक्रम त्या उत्तरांवरून बदल.

सुट्टीच्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकावरचा रखवालदार ओळखपत्राशिवाय कुणाला आत सोडत नाही. नावांची यादी आदल्या दिवशी त्याच्याकडे देऊन ठेव आणि शौचालयाची किल्लीही त्याच वेळी घे. चहा पावणेअकराला सांग. तिसऱ्या पाळीची माणसं त्यानंतर टिकत नाहीत.

कळावे. पहिल्या वर्गानंतर सविस्तर लिही.

सस्नेह.