सागाच्या काचकपाटाला सुतार अडीच महिने मागतोय. हा वेळकाढूपणा असतो का?

तुम्ही लिहिलंय की तयार कपाट आठ दिवसांत घरी येतं, मग हा सुतार अडीच महिने कसले मागतो. मी ठाण्यातच, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गाळ्यात लाकूड-काचेचं काम करतो. हाच वाद आमच्या घरात 2018 पासून चालू आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

त्या जुलैत घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधून देवघराचं काम आलं. सागाचं, पाच फूट उंच, पुढे काचेची दोन दारं. 13 सप्टेंबरला गणपती बसणार होते आणि घरच्यांना देवघर त्याआधी हवं होतं. गाळ्यातलं मुरलेलं लाकूड आधीच्या कामात संपलेलं. वखारीतून आणलेल्या फळ्या हाताला गार लागत होत्या, रंध्याखालून निघणारे पापुद्रे मऊ पडत होते. मी म्हटलं, दिवाळीनंतर देतो. गिऱ्हाइकाशी बोलणं, हिशेब, आगाऊ रक्कम हे सगळं दादा बघतो. तो म्हणाला, "सगळे सुतार गणपतीआधी देतात, तूच एकटा शहाणा का? लाकूड काय लोणचं आहे मुरायला?" मी गप्प बसलो आणि कामाला लागलो.

9 तारखेला देवघर पोचवलं. देखणं झालं होतं. नोव्हेंबरच्या मध्यात फोन आला: डाव्या दाराची काच रात्रीत तडकली, खालच्या कोपऱ्यापासून तिरकी, कोणी हातही लावला नव्हता. देवघराची काच अशी आपोआप तडकल्यावर त्या घरातल्या आजींनी काय धसका घेतला असेल ते तुम्हीच समजा. दादा म्हणाला, काचवाल्यानं माल वाईट दिला, बदलून दे आणि विषय संपव. मी बदलून दिली. जानेवारीत त्याच कोपऱ्यातून पुन्हा तडा.

मग मात्र दार उतरवून गाळ्यात आणलं आणि ग्रॅनाइटच्या सपाट लादीवर आडवं ठेवलं. तीन कोपरे टेकले, चौथा दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर. पावसाळ्यातलं ओलं लाकूड त्यांच्या हॉलच्या एसीत सुकलं होतं. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं, आणि तंतूंच्या रेषा तिरक्या असतील तर सुकताना पीळ घेतं. काचेला तो पीळ झेपत नाही. त्यात मी ती चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून घट्ट आवळलेली. ताण कोपऱ्याकडे जातो आणि हिरकणीनं, म्हणजे काच कापायच्या हत्यारानं, कापताना कडेला जिथे बारीक कपची उडाली असेल तिथून तडा सुरू होतो. काचवाल्याचा यात काडीचा दोष नव्हता.

दोन्ही दारं मी नव्यानं केली, तीही नौपाड्यातल्या एका जुन्या घराच्या पाडकामातून आलेल्या खिडक्यांच्या सागातून. ते लाकूड कैक उन्हाळे-पावसाळे बघून शांत झालेलं. आत राहिलेल्या खिळ्यांनी रंध्याची दोन पाती खाल्ली. या वेळी काचेभोवती दीड मिलिमीटर जागा सोडली आणि पट्ट्या स्क्रूनं बसवल्या. पैसे मागितले नाहीत. आजींनी नव्या दारांना हळदकुंकू लावलं तेव्हा मला भरून आलं होतं.

आता तुमचं कपाट. आठ दिवसांत येतं ते बहुतेक पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असतं. लाकडाचा चुरा नाहीतर तंतू चिकटद्रव्यात दाबून ते बनवतात. त्याला रेषाच नाहीत, म्हणून ते सागासारखं पीळ घेत नाही. पण फरशी पुसताना पाणी लागत राहिलं की खालून फुगतं. त्याची सागाशी तुलना करू नका. सागाच्या फळ्या आमचे अप्पा टोकांना रंग लावून, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायचे. इंचभर जाडीला एक वर्ष, हा त्यांचा हिशेब. मी भट्टीत सुकवलेलं लाकूडही घेतो, पण तेही गाळ्यात काही आठवडे ठेवतो आणि ओल 12 टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय दाराला हात लावत नाही. टफन्ड काच असेल तर ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम गार केलेली असते. त्यानंतर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून आधी दार, मग माप, मग काच. वर पावसाळ्यात घाई केली तर लाख पॉलिशवर पांढरट झाक येते. अडीच महिने मला जास्त वाटत नाहीत.

हेही सांगायला हवं की वेळ मागणारा प्रत्येक सुतार लाकडासाठीच मागतो असं नाही. काही जण चार घरांची आगाऊ रक्कम घेऊन बसलेले असतात. तुमचा सुतार यातला कुठला, ते मी इथून सांगू शकत नाही. लाकूड आज कुठे रचलंय ते दाखवा म्हणा, आणि लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर तुमच्यासमोर लावायला सांगा. काच दार तयार व्हायच्या आधीच कापून आणली असेल तर विचारा, कशाच्या मापानं आणली. कपाट प्लायचं असेल तर मी वर लिहिलेलं बरंचसं लागू नाही.

दादाही इथे वाचतो. त्याचं अजून म्हणणं आहे की काचच वाईट होती. दादा, ती जुनी चौकट मी टाकलेली नाही, गाळ्याच्या पोटमाळ्यावर आहे. रविवारी ये, लादीवर तूच ठेव आणि चौथ्या कोपऱ्याखाली पट्टी घालून बघ.